वाळूपलीकडच्या प्रधानबाई

प्रधानबाईंनी मला पहिली हाक मारली ती ओरडूनच.

"अहो! अहो निळ्या जॅकेटवाले! मागे फिरा आधी!"

उत्तर इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोरकॅम्बचा उपसागर आहे. त्याच्या वरच्या काठावरच्या एका लहान गावात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलातली धावपळ सोडून मी इकडच्या छोट्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झालो होतो. मी अकोल्याचा. समुद्राशी माझी ओळख शाळेच्या सहलीपुरती. इथे तर समुद्र दिसतच नव्हता. घरासमोर नजर जाईल तिथवर ओली, चकचकीत वाळू. कोणीतरी अंगण शिंपून ठेवावं तशी. मग काय, मी आणि स्मिता निघालो चालत. बरंच आत गेलो आणि मागून ही मराठी हाक आली. परदेशात, भर वाळवंटात, "अहो" ऐकून माणूस जागच्या जागी थिजतो. तसे आम्ही थिजलो, आणि मग वळून पाहिलं.

काठावर गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, जाडजूड जॅकेटमधली, गळ्यात शिट्टी आणि कपाळाला टिकली लावलेली एक बाई हात हलवत होती. आणि आमच्या नि तिच्या मध्ये, येताना जिथे कोरडी घळ होती तिथे, पाणी वाहत होतं. आम्ही पँटी भिजवत कसेबसे बाहेर आलो.

"समुद्र समोरून येतो असं वाटलं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"इथे तो मागून येतो. आधी घळी भरतात, मग वाळू. कुठले तुम्ही?"

"अकोल्याचे."

"वाटलंच," बाई म्हणाल्या आणि आम्हाला चहाला घेऊन गेल्या. आम्ही मराठी आहोत हे कसं कळलं, असं स्मिताने वाटेत विचारलं. "वाळूवरून आवाज फार लांब येतो. तुमचे यजमान त्यांच्या सासूबाईंविषयी जे काही बोलत होते, ते सगळं मला ऐकू आलं." त्यानंतर निदान आठवडाभर माझ्या घरात वातावरण ढगाळ होतं.

बाई गावातल्या सरकारी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पोस्टमन, बेकरीवाली, हॉस्पिटलातले पोर्टर, सगळे त्यांचे विद्यार्थी. एकदा ऑपरेशन टेबलावरच्या एका दांडग्या शेतकऱ्याला मी झोपवण्याआधी आकडे उलटे म्हणायला सांगितले. तो म्हणाला, "आकडे नकोत, मिसेस प्रधानच्या नद्या म्हणतो." आणि उपसागराला मिळणाऱ्या नद्या दक्षिणेकडून म्हणू लागला. वायर, लून, कीअर... केंटपाशी त्याला झोप लागली. हे मी बाईंना सांगितलं तर त्या खट्टू झाल्या. "म्हणजे लेव्हन राहिली! आणि ती तर त्याच्या शेतावरून जाते." मग मला म्हणाल्या, "मी जन्मभर मुलांना जागं ठेवलं. तुम्ही पगार घेऊन झोपवता."

त्यांचा पत्ता हा एक स्वतंत्र विषय होता. पाकिटामागे त्या ठसठशीत अक्षरात लिहीत: लँकेशायर. आमचं गाव लँकेशायरमध्ये नाही, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळेल. मीही एकदा शहाणपणाने तसं म्हणालो. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, आणि तास सुरू झाला.

लँकेशायर हा जुना दर्यावर्दी परगणा. पण त्याचा एक तुकडा उपसागराच्या पलीकडे, म्हणजे आमच्या काठाला होता. जमिनीवरून जायचं तर मध्ये दुसरा परगणा लागे. मग हा तुकडा लँकेशायरला जोडलेला कशाने? तर वाळूने. ओहोटी लागली की लँकेस्टरहून घोडागाड्या, व्यापारी, मठातले साधू, नवरीमुली, न्यायाधीश, सगळे वाळूवरून इकडे यायचे. वाट दाखवायला राजाने नेमलेला वाटाड्या असायचा. तो नदी पायी ओलांडण्याजोगा उतार शोधून तिथे खुणेला लॉरेलच्या झुडपाच्या फांद्या रोवून ठेवायचा, कारण नदी आज इथे तर महिन्याने तिथे. ज्यांनी वाटाड्याचं ऐकलं नाही ते जवळच्या चर्चच्या आवारात पुरलेत. पुढे रेल्वे आली आणि वाळूवरची वाट हौशी लोकांपुरती उरली.

"दिवसातून दोनदा पुसला जाणारा रस्ता, आणि त्याच्या जोरावर एवढी शतकं एक जिल्हा टिकला," बाई म्हणायच्या. "मग चौऱ्याहत्तर साली लंडनमध्ये बसून कोणीतरी पेन्सिल ओढली. मी रात्री लँकेशायरमध्ये झोपले आणि सकाळी कम्ब्रियात उठले."

खरं दुखणं निराळंच होतं. बाईंचं माहेर अलिबाग. जिल्हा कुलाबा. समोर समुद्रात किल्ला, ओहोटीला पायी जावं, भरती यायच्या आत परतावं. लग्न होऊन इथे आल्या, खिडकीतून वाळू पाहिली आणि म्हणे पहिल्यांदा रडू थांबलं. पण चौऱ्याहत्तरात इथला जिल्हा गेला आणि एक्याऐंशीत तिकडे कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. रायगड नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "महाराजांपुढे काय बोलणार? पण माझे सासरचे आणि माहेरचे, दोन्ही जिल्हे गेले हो." हे त्या हसत सांगायच्या. डोळे मात्र हसत नसत. अलीकडे कम्ब्रियासुद्धा मोडीत निघाला आणि नवीन लांबलचक नाव आलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा. लँकेशायरच लिहीत राहिले ते बरं झालं. पाकिटं वाया नाही गेली."

भरतीची वेळ बाईंनी कधी छापील तक्त्यात पाहिली नाही. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं, त्यातली तिथी पाहायच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीची सहा. हा अलिबागच्या कोळणींचा हिशेब, आणि तो इथेही जवळजवळ तंतोतंत लागू पडतो, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा आनंद होता. मला आठवतं, पहिल्यांदा हे सांगताना त्यांनी माझा दंडच धरला. "अहो, तोच समुद्र आहे हा!" मी अकोल्याचा असूनही मला ते पटलं.

या हिशेबाने त्यांना एकदाच दगा दिला, आणि ती गोष्ट डॉक्टर प्रधान प्रत्येक पाहुण्याला सांगत. डॉक्टर म्हणजे बाईंचे यजमान. उंच, सावळे, कमी बोलणारे. जन्मभर हॉस्पिटलच्या फोनला बांधलेले. बाईंना ते चिडवत ते सुद्धा वर्तमानपत्रातून डोकं न काढता.

झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी लीड्सच्या मंडळाचा गणपती इथे विसर्जनाला आणायचं ठरलं. वेळ काढायचं काम अर्थातच बाईंकडे. देव नेहमी भरती पुरी होऊन पाणी वळल्यावर सोडायचा, म्हणजे ओहोटी त्याला आत घेऊन जाते, हे त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. चतुर्दशीची पाऊणपट साडेदहा. थोडं थांबून पावणेअकराला आरती झाली, गजर झाला, कागदाच्या लगद्याची सुबक मूर्ती पाण्यात सोडली. लोक डोळे पुसत मागे फिरले. आणि गणपतीही मागे फिरला. उन्हाळ्यात या देशात घड्याळ तासभर पुढे करतात, हे बाई विसरल्या होत्या. पाणी अजून चढतच होतं. देव डुलत डुलत काठाला लागला, तिथे एका इंग्रज आजींच्या कुत्र्याने त्याचं स्वागत केलं. शेवटी सगळ्यांनी बटाटवडे खात पाणी वळायची वाट पाहिली आणि दुसऱ्यांदा आरती केली.

"लोक 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात," डॉक्टर सांगायचे. "आमच्या हिने त्याच दिवशी बोलावलं."

"सरकार घड्याळ पुढे करतं, समुद्र करत नाही. माझी काय चूक?" बाई आतून ओरडायच्या.

त्या दोघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं, ते असं दुरून दुरूनच कळायचं. डॉक्टर संध्याकाळी घरी असले की बाई वालाचं बिरडं करायच्या, नाहीतर इथल्या बारक्या कोलंबीचं कालवण. तिला त्या करंदीच म्हणायच्या. फोन वाजला की डॉक्टर ताटावरून उठायचे. बाई ताट झाकून खिडकीत बसायच्या. "इतकी वर्षं झाली," त्या एकदा स्मिताला म्हणाल्या, "ह्यांच्या येण्याजाण्याचा तेवढा हिशेब मला बसवता आला नाही."

काही वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. हृदयविकाराने, खुर्चीत बसल्या बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र. मी शेजारी, मी धावत गेलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी मला एवढंच विचारलं, "दुखलं असेल का हो?" मी नाही म्हणालो. ते खरंच असावं असं मला आजही वाटतं.

अस्थी उपसागरात सोडायच्या होत्या. मुलगी मीनल साउथहॅम्प्टनला असते, हॉस्पिटलात डॉक्टर. इथेच जन्मलेली, पन्नाशीला आलेली, मराठी तोडकंमोडकं पण आईशी हट्टाने मराठीच बोलणारी. ती रजा घेऊन आली. वेळ बाईंनी सांगितली, दुपारची. आम्ही पाच-सहा जण जुन्या दगडी धक्क्यावर गेलो. इतक्या वर्षांत मलाही पाणी थोडंफार वाचता येऊ लागलं होतं. मी पाहिलं, घळी भरत होत्या. पाणी चढत होतं. भरतीला अजून चांगला तास-दीड तास होता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीनलने कलश रिकामा केला, वर सुपरमार्केटमधून आणलेली शेवंतीची फुलं सोडली. राख क्षणभर तरंगली आणि काठाकडे सरकली. फुलं तर सरळ आमच्या पायाशीच आली.

"आई, सगळं परत येतंय!" मीनल रडत म्हणाली. "इट्स कमिंग बॅक, आई!"

"येऊ दे," बाई म्हणाल्या.

 परतताना त्या गणपतीची गोष्ट सगळ्यांनाच आठवत होती. दुःखात बिचारीचा हिशेब पुन्हा चुकला, असं लीड्सहून आलेल्या एका काकूंनी हळूच म्हटलंही. मलाही तेच वाटलं. या वयात, या दिवशी कोणाचा चुकणार नाही?

त्यानंतर बाई एकट्याच राहू लागल्या. काठावर जायच्या, लहान मुलांना शिट्टी वाजवून मागे बोलवायच्या, पाकिटांवर लँकेशायर लिहायच्या. दिसायला सगळं तसंच. मग एका हिवाळ्यात धक्क्याच्या पायरीवर घसरून पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, भूल मीच दिली. नद्या म्हणायला सांगितल्या तर म्हणाल्या, "चावटपणा नको."

मीनलचं म्हणणं साधं होतं. आईने आता साउथहॅम्प्टनला यावं. तिच्या घराला खालच्या मजल्यावर खोली होती, बाग होती, हॉस्पिटल जवळ होतं. बाईंनी साफ नाही म्हटलं. आधी म्हणाल्या, तिथे थंडी कमी पडते, मला सवय नाही. मग म्हणाल्या, तिथला समुद्र लबाड आहे. एकदा भरला की उतरायचं नाव घेत नाही, मध्येच थबकतो, पुन्हा चढतो, तिथे तिथी चालत नाही. हे भौगोलिकदृष्ट्या खरं आहे. पण कोणी भूगोलासाठी मोडक्या खुब्यानिशी एकटं राहत नाही. मीनल दर दुसऱ्या शुक्रवारी इंग्लंडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडी हाकत यायची आणि रविवारी परत जायची. एकदा निघताना माझ्या दारात उभी राहिली.

"दादा, प्लीज, तुम्ही आईशी बोला ना. ती माझा ऐकत नाही. काही झाला तर मला पोचायला सिक्स अवर्स लागतात. बाबांच्या वेळी पण मी नव्हते. आय कान्ट डू दॅट अगेन."

मी गेलो. बाई खिडकीत बसल्या होत्या, पाय उंच करून. बाहेर पाणी भरत आलं होतं. मी मीनलची बाजू मांडली, जेवढी जमेल तेवढी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही त्या दिवशी धक्क्यावर पाणी पाहत होतात," त्या म्हणाल्या. "कळलं होतं तुम्हाला."

मी मान डोलावली.

"गणपतीच्या वेळी चुकले होते. ह्या वेळी नाही चुकले." त्यांनी बाहेरच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "ओहोटीला सोडलं असतं तर हे पार आयर्लंडकडे गेले असते हो. भरतीला सोडलं म्हणून इथे राहिले. ओहोटीबरोबर जातात, भरतीबरोबर येतात. दिवसातून दोनदा." मग एकदम हसल्या. "नोकरीत होते तेव्हा एवढेही घरी नसत. आणि आता वेळसुद्धा कळते. ताट झाकून बसावं लागत नाही."

ही भूगोलाची बाई. अस्थी समुद्रात विरघळतात, वाहून जातात, वाळूत मिसळतात, हे तिला मी काय सांगणार? तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती रोज दोनदा खिडकीत बसत होती. मी उठलो. मीनलला फोन करून म्हणालो, आई यायची नाही, तिला आग्रह करू नकोस. कारण मात्र सांगितलं नाही, ते माझं नव्हतं.

पुढे एका रविवारी, आईकडून परत जाताना, दुपारच्या उन्हात मोटरवेवर मीनलला क्षणभर डुलकी लागली. गाडी कठड्याला घासली. सुदैवाने गळ्याच्या हाडावर निभावलं. फोन आधी मला आला. बाईंना सांगायला मी गेलो, तर त्यांनी माझं पुरतं ऐकलंही नाही.

"जिवंत आहे ना?"

"आहे. हाड मोडलंय, बाकी काही नाही."

बाईंनी काठी घेतली, उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाठ करून म्हणाल्या, "स्मिताला बोलवा. माझ्या बॅगा माळ्यावर आहेत."

"बाई, इतकी घाई..."

"जो गेलाय त्याच्यासाठी जी आहे तिला मारू का?"

हे त्या मोठ्याने बोलल्या, वर्गात बोलावं तसं. आणि मग बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. स्मिता येईपर्यंत मी नुसता उभा होतो. मला माणसांना झोपवता येतं, याच्यापुढे माझं शिक्षण जात नाही.

घर विकायला काढलं. मीनलचं हाड जुळलं. सप्टेंबरात ती न्यायला आली. पुस्तकं शाळेला दिली, शिट्टी बेकरीवालीच्या मुलीला दिली. भिंतीवरचं कॅलेंडर काढू का, असं स्मिताने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "राहू दे." बाहेर बरीच माणसं जमली होती. पोस्टमन आला होता. नद्या म्हणणारा शेतकरी टोपी हातात धरून उभा होता. बाईंनी त्याला बजावलं, "डोन्ट फरगेट द लेव्हन, जॉर्ज," आणि तो लहान मुलासारखा "येस, मिस," म्हणाला.

मीनलने दुपारची वेळ धरली होती, मोटरवेवर गर्दी कमी असते म्हणून. मी बाईंना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला. आईच्या मनात काय आहे हे मीनलला आता कळलं असावं, कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. ती स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "आई, खाली धक्क्यावर थोडा वेळ थांबू या? बाबांना बाय करू. देअर इज नो रश."

बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि पाहिलं. दूरवर वाळू, नुसती वाळू. पाण्याची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"नको, चल," त्या म्हणाल्या. "हे आत्ता घरी नाहीत."

मीनलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आज अष्टमी," बाई काच वर करत म्हणाल्या. "सरकारी घड्याळाने सातला येतील. तोवर आपण साउथहॅम्प्टनला असू."